पॅकेजचं टोपणनाव दर नव्या इन्स्टॉलला मोडतंय? ते कुणाला दिलंय, ते आधी बघा

जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये एकाच पॅकेजच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, दोन आवृत्त्या लागतात म्हणून एकीला टोपणनाव, म्हणजे एलियस, देऊन दोन्ही बसवल्या. आपल्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत. मग टीममध्ये नवीन कुणी येतं आणि कोड उतरवून घेतं, किंवा गिऱ्हाइकाच्या मशीनवर बसवायची वेळ येते, आणि काहीतरी मोडतं. कधी इन्स्टॉलच अडतं. कधी ‘कॅननॉट फाइंड मॉड्यूल’ येतं. कधी एकही एरर न येता कागदावर भलतंच छापलं जातं. आपण तेवढ्यापुरतं दुरुस्त करतो आणि महिन्याभरात तेच दुखणं दुसऱ्या मशीनवर डोकं वर काढतं.

आमच्याकडे हे जवळजवळ वर्षभर चाललं होतं. बेळगावात टिळकवाडीला आमचं चार जणांचं ऑफिस आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर या भागातल्या पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांसाठी आम्ही पिग्मीचं सॉफ्टवेअर लिहितो. एजंट दारोदार फिरून रोजची रक्कम गोळा करतो, जागेवर पावती देतो, संध्याकाळी सगळा हिशेब शाखेत जमा होतो. दिवसाला पन्नास-शंभर रुपये टाकणाऱ्या माणसाच्या हातात पुरावा म्हणून ती पावतीच असते. त्यावरची तारीख चुकली तर त्याचा सोसायटीवरचाच विश्वास डळमळतो. म्हणून आम्ही या दुखण्याच्या मुळाशी गेलो, आणि जे सापडलं ते इथे सविस्तर लिहितोय. आज्ञा आणि पॅकेजांची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि रोमन आकडे वापरायचे.

दोन आवृत्त्या का लागल्या

आमचे व्याजाचे आणि वर्षअखेरीचे रिपोर्ट २०१८ सालचे. तारखांसाठी त्यांत डेट-एफएनएस ही लायब्ररी आहे, पहिल्या मालिकेतली, जिची शेवटची आवृत्ती १.३०.१. त्या मालिकेत दिवस-महिना-वर्ष छापायचं तर मोठे डी दोन, मोठे एम दोन आणि मोठे वाय चार असा साचा लिहायचा. २०१९ मध्ये दुसरी मालिका आली आणि तिने साच्यातली अक्षरं युनिकोडच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे बदलली. आता दिवसाला लहान डी, वर्षाला लहान वाय. मोठ्या वायचा अर्थ झाला आठवड्यांवर मोजलेलं वर्ष, आणि मोठ्या डीचा अर्थ वर्षातला कितवा दिवस. शिवाय जुनी मालिका तारीख अक्षरांत दिली तरी समजून घ्यायची. नवीला तारखेचं ऑब्जेक्टच लागतं. बदल योग्यच आहे, लायब्ररीच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलाही आहे. पण आमच्या साठेक फायलींत जुनं लिखाण होतं, आणि व्याजाच्या रिपोर्टला हात लावायचा म्हणजे प्रत्येक आकडा पुन्हा ताडून बघणं आलं.

त्यातच सोसायट्यांकडून मागणी आली की पावती मराठीबरोबर कन्नडमध्येही हवी. सभासद दोन्ही भाषांचे आहेत, मागणी रास्त होती. मराठी महिन्यांची नावं आम्ही हातानेच यादी करून ठेवली होती. कन्नडसाठी डेट-एफएनएसच्या दुसऱ्या मालिकेत तयार लोकॅल, म्हणजे त्या भाषेतली महिना-वारांची नावं, आहे, पहिलीत नाही. म्हणजे पावत्यांना नवी हवी, रिपोर्टना जुनी, आणि दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये.

टोपणनावाची सोय याच कामासाठी आहे. एनपीएम या पॅकेजं बसवणाऱ्या साधनात ती ६.९.० पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. यार्न आणि पीएनपीएम या तशाच दुसऱ्या साधनांतही लिहायची पद्धत तीच:

एनपीएम इन्स्टॉल तारीख-नवी@एनपीएम:डेट-एफएनएस@२.३०.०

आधी आपलं टोपणनाव, मग ॲट, मग एनपीएम आणि कोलन, मग खरं नाव आणि आवृत्ती. याने नोड मॉड्यूल्समध्ये, म्हणजे पॅकेजं जिथे बसतात त्या फोल्डरमध्ये, ‘तारीख-नवी’ नावाचा फोल्डर होतो आणि कोडमध्ये त्याच नावाने इम्पोर्ट करता येतं.

यात नेमकं काय होतं, हे मला सोसायटीच्या लेजरवरून नीट उमगलं. एकाच नावाचे दोन खातेदार असले की क्लार्क पुढे गल्ली लिहितो. मारुती पाटील, गणपत गल्ली. मारुती पाटील, खडक गल्ली. काम भागतं. पण दोघांच्या आधार कार्डावर नाव मारुती पाटीलच राहतं, आणि दुसऱ्या शाखेत जाऊन ‘खडक गल्लीवाल्यांचं खातं काढा’ म्हटलं तर तिथला क्लार्क नुसता बघत राहील. पॅकेजचंही तसंच. टोपणनावाच्या फोल्डरमधली पॅकेज डॉट जेसन, म्हणजे पॅकेजच्या माहितीची फाइल, उघडून बघा, आत नाव खरंच लिहिलेलं असतं. टोपणनाव माहीत असतं ते फक्त तुमच्या प्रोजेक्टच्या पॅकेज डॉट जेसनला आणि लॉक फाइलला, म्हणजे नेमकी कोणती आवृत्ती बसवली ते नोंदवणाऱ्या फाइलला. बाकी सगळे, म्हणजे इतर पॅकेजं, टाइपांच्या फायली, एडिटरची आपोआप सुचवणी, जुनं एनपीएम, नवा सहकारी, खऱ्या नावानेच हाक मारतात.

म्हणून काहीही मोडलं की आम्ही आता पहिला प्रश्न हाच विचारतो: इथे टोपणनाव कुणाला माहीत नाही?

पावतीवरची तारीख

आमची मुख्य चूक वरच्या आज्ञेतच आहे. जुनं पॅकेज आधीपासून खऱ्या नावाने बसलेलं होतं. त्याला धक्का नको म्हणून आम्ही नव्याला टोपणनाव दिलं. सगळ्यांना हेच सुचतं, कारण त्यात जुन्या एकाही फाइलला हात लावावा लागत नाही. सुरुवातीचे दोन महिने काही झालं नाही.

मग एका शनिवारी संध्याकाळी निपाणी भागातल्या एका शाखेतून फोन आला. ‘‘सर, तारखेच्या जागी इंग्रजीत कायतरी यायलंय बघा.’’ पावतीचा फोटो मागवला. रक्कम बरोबर, खाते नंबर बरोबर, एजंटचं नाव बरोबर. तारखेच्या जागी एस आणि ए ही दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग ०३, पुन्हा रेघ, आणि शेवटी चार लहान वाय. त्या दिवशी त्या एजंटने अशा बऱ्याच पावत्या वाटल्या होत्या. सोमवारी तो पुन्हा प्रत्येकाच्या दारात जाऊन त्या बदलून देत फिरला.

अर्थ लावायला अर्धा तास गेला. जुन्या मालिकेत लहान डी दोन म्हणजे वाराचं दोन अक्षरी इंग्रजी नाव. शनिवार म्हणून एस-ए. लहान वायला जुन्या मालिकेत काहीच अर्थ नाही, म्हणून ते जसेच्या तसे छापले गेले. म्हणजे साचा नव्या मालिकेचा आणि तो वाचणारं पॅकेज जुनं.

हे झालं कसं? आमच्या ऑफिसातल्या खानापूरच्या मुलाने पावतीत ‘पुढची भरणा तारीख’ दाखवण्यासाठी एक नवी फाइल लिहिली. त्याने फंक्शनचं नाव टाइप केलं, एडिटरने वरती आपोआप इम्पोर्टची ओळ घातली, आणि ती खऱ्या नावाची घातली. साचा त्याने लायब्ररीच्या आजच्या कागदपत्रांतून घेतला. त्याने केलेलं सगळं बरोबर होतं. खऱ्या नावामागे सात-आठ वर्षांपूर्वीची आवृत्ती बसली आहे हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता.

याच मांडणीने आम्हाला आणखी एका जागी अडवलं होतं. तारीख निवडायचा एक तयार घटक आम्ही घेतला, त्याची पीअर डिपेंडन्सी, म्हणजे आपल्या प्रोजेक्टमध्ये असायलाच हवं असं पॅकेज, होती डेट-एफएनएसची दुसरी मालिका. पीअर डिपेंडन्सी शोधली जाते खऱ्या नावाने. खऱ्या नावाच्या जागी १.३०.१ दिसल्यावर एनपीएम सातपासून पुढच्या आवृत्त्या ‘ईरिझॉल्व्ह’ म्हणून थांबतात. आम्ही काय केलं? सगळे करतात तेच: ही तपासणी टाळणारा ‘लेगसी पीअर डेप्स’चा पर्याय लावून इन्स्टॉल पुढे ढकललं. इन्स्टॉल झालं. पण तो घटक आतून खऱ्या नावानेच हाक मारतो, त्याच्या हाती जुनी मालिका पडली, आणि स्क्रीनवर ‘पार्स-आयएसओ इज नॉट अ फंक्शन’ आलं, कारण ते फंक्शन दुसऱ्या मालिकेपासूनचं आहे. तुमच्या प्रोजेक्टमध्ये तो पर्याय कुणी एनपीएमआरसी या एनपीएमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवला असेल तर आजच काढा आणि काय ओरडतंय ते वाचा. आमच्या दुखण्याची खबर तिथेच आधी मिळत होती.

उलटापालट

उपाय: खरं नाव नव्या आवृत्तीला द्या, टोपणनाव जुन्या आवृत्तीला.

एवढं केलं की बराच पसारा एकदम शांत होतो. एडिटर खरं नाव घालतो, ते आता बरोबर असतं. पीअर डिपेंडन्सीला हवं ते मिळतं. इंटरनेटवर सापडणारं प्रत्येक उदाहरण लागू पडतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चुकीचा स्वभाव बदलतो. पूर्वी नवा साचा चुकून जुन्या पॅकेजकडे गेला की गुपचूप कचरा छापला जायचा. आता जुना साचा चुकून नव्या पॅकेजकडे गेला तर दुसरी मालिका मोठे वाय आणि मोठे डी बघून ‘रेंज एरर’ टाकते आणि कुठलं अक्षर वापरायचं तेही सांगते. ती चूक आमच्या टेबलावरच थांबते, एजंटच्या पिशवीत जात नाही.

पॅकेज डॉट जेसनमध्ये आता आमच्या दोन ओळी अशा आहेत:

‘डेट-एफएनएस’: ‘^२.३०.०’
‘@पतपेढी/तारीख-जुनी’: ‘एनपीएम:डेट-एफएनएस@१.३०.१’

जुन्या ओळीत आवृत्ती पक्की बांधली आहे, आधी टोपी (^, म्हणजे त्याच मालिकेतली पुढची आवृत्तीही चालेल) नाही. ती मालिका संपलेली आहे, तिथे हलायला नको. टोपणनावाच्या आधी स्कोप, म्हणजे ‘@पतपेढी’ हा भाग, का लावला ते पुढे सांगतो.

बदल करताना साठ फायलींतली इम्पोर्टची ओळ बदलावी लागते. हे काम शोधा-बदला करून होतं, पण दोन-तीन खड्डे आहेत आणि आम्ही त्या सगळ्यांत पाय घातला. शोधताना अवतरण चिन्हासकट शोधा. नुसतं डेट-एफएनएस शोधून बदललंत तर डेट-एफएनएस-टीझेड हे टाइमझोनचं वेगळं पॅकेजही बदललं जाईल, आणि ते तर नव्याच मालिकेसाठी आहे. जुन्या कोडमध्ये डेट-एफएनएस/फॉरमॅट असे आतल्या वाटेचे इम्पोर्ट असतात, तेही पकडा. टोपणनाव हा खरोखरचा फोल्डर असल्याने ‘@पतपेढी/तारीख-जुनी/फॉरमॅट’ असं लिहून ते बिनबोभाट चालतं. रिक्वायरने आणलेले वेगळे शोधा. आणि टेस्टमध्ये जेस्ट या टेस्टच्या साधनाचं मॉक, म्हणजे खऱ्या पॅकेजऐवजी ठेवलेली नक्कल, असेल तर त्यात पॅकेजचं नाव नुसतं अक्षरांत लिहिलेलं असतं, इम्पोर्टच्या शोधात ते सापडतच नाही. आमच्या रिपोर्टच्या टेस्ट ‘आज’ची तारीख मॉक करायच्या. नाव न बदलल्यामुळे मॉक लागूच होत नव्हता आणि टेस्ट रोज वेगळ्या कारणाने पडत होत्या. रिपोर्ट सांभाळणाऱ्या आमच्या अक्कांनी तीन दिवस त्याच्या मागे घालवले.

हे सगळं एकाच कमिटमध्ये करा. अर्धं खऱ्या नावाने, अर्धं टोपणनावाने अशी अवस्था एक रात्रही ठेवू नका. मग नोड मॉड्यूल्स फोल्डर पूर्ण काढा, एकदा इन्स्टॉल करा, तयार झालेली लॉक फाइल त्याच कमिटमध्ये घाला. खात्रीसाठी ‘एनपीएम एलएस’ चालवा. वरच्या पातळीच्या यादीत टोपणनावापुढे एनपीएम, कोलन, खरं नाव आणि १.३०.१ असं दिसलं पाहिजे, आणि खऱ्या नावापुढे २.३०.०.

त्यानंतर आम्ही ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा ‘नो रिस्ट्रिक्टेड इम्पोर्ट्स’ हा नियम लावला. रिपोर्टचा फोल्डर सोडून कुठेही टोपणनाव इम्पोर्ट केलं की तो अडवतो. नियमासोबत आपला मजकूर देता येतो, तो आम्ही मराठीतच दिला आहे: ‘हे जुन्या रिपोर्टपुरतं आहे, नव्या फाइलमध्ये डेट-एफएनएस वापरा.’ त्या मुलाने तो वाचून लगेच विचारलं, ‘‘सर, मग जुनं कधी काढायचं?’’ त्याचं उत्तर शेवटी आहे.

गिऱ्हाइकाच्या मशीनवर इन्स्टॉलच होत नाही

इथे एरर असते ‘अनसपोर्टेड यूआरएल टाइप’ आणि पुढे एनपीएम, कोलन. ही दिसली की दुसरं काही शोधू नका. त्या मशीनवरचं एनपीएम ६.९.० च्या आधीचं आहे आणि त्याला टोपणनाव हा प्रकारच माहीत नाही. एनपीएम हे नोडसोबत, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामसोबत, येतं, पण ‘आमच्याकडे नोड दहा आहे’ एवढ्यावर थांबू नका. नोड १०.१५.३ सोबत एनपीएम ६.४.१ येतं, तिथे चालणार नाही. १०.१६.० सोबत ६.९.० येतं, तिथे चालेल. दोन्ही ‘नोड दहा’च. एनपीएमची आवृत्ती वेगळी विचारा.

शाखांत अजून विंडोज सातची मशीनं आहेत. त्यांवर नोड चौदा बसत नाही, त्याला किमान विंडोज ८.१ लागतं. नोड बारा बसतं आणि त्यासोबतचं एनपीएम टोपणनाव ओळखतं. पण माझं मत विचाराल तर गिऱ्हाइकाच्या मशीनवर इन्स्टॉल चालवूच नका. आम्ही आता ऑफिसमध्ये बिल्ड करतो आणि तयार फोल्डर नेऊन ठेवतो. पावसाळ्यात खानापूरकडे वीज आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो. अर्धवट झालेलं इन्स्टॉल निस्तरण्यापेक्षा पेन ड्राइव्ह बरा.

दुसरी भानगड लॉक फाइलची. एनपीएम सहा जुन्या पद्धतीची लॉक फाइल लिहितं. सात-आठ दुसऱ्या पद्धतीची, नऊ तिसऱ्या. टोपणनावाची नोंदही दोन्हीकडे वेगळी होते. जुन्या पद्धतीत आवृत्तीच्या जागीच एनपीएम-कोलन-खरं नाव लिहिलेलं असतं, नव्या पद्धतीत फोल्डरच्या नावाखाली ‘नेम’ म्हणून खरं नाव वेगळं येतं. टीममध्ये एकाकडे सहा आणि दुसऱ्याकडे नऊ असलं की प्रत्येक कमिटला हजारो ओळी बदललेल्या दिसतात, त्या कुणी वाचत नाही, आणि मर्ज करताना टोपणनावाची नोंद हरवली तरी कळत नाही. आमच्याकडे तीनदा असंच झालं. सगळ्यांनी एकच एनपीएम वापरा. पॅकेज डॉट जेसनच्या ‘इंजिन्स’मध्ये आवृत्ती लिहा आणि एनपीएमआरसीमध्ये ‘इंजिन स्ट्रिक्ट’ खरं करा, नाहीतर इंजिन्सची ओळ फक्त सूचना देऊन गप्प बसते. आणि नव्या मशीनवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा. ते लॉक फाइलप्रमाणेच बसवतं, आणि लॉक फाइल पॅकेज डॉट जेसनशी जुळत नसेल तर बसवायला नकार देतं. तो नकार आपल्याला हवाच आहे.

विंडोजवर पॉवरशेल वापरत असाल तर आज्ञेतलं सगळं नाव अवतरण चिन्हांत घाला. ॲटने सुरू होणारा शब्द पॉवरशेल स्वतःच्या वेगळ्या अर्थाने घेतं आणि एनपीएमपर्यंत पोहोचण्याआधीच अडतं.

टोपणनाव नुसतं टाइप केलं तर

हा भाग कृपया लक्ष देऊन वाचा, कारण इथे धोका नुसत्या मोडण्यापुरता नाही.

उलटापालट करण्याआधीची गोष्ट. आमच्या एका सहकाऱ्याने पावतीची एक फाइल उचलून दुसऱ्या, नव्या प्रोजेक्टमध्ये ठेवली. त्यात ‘तारीख-नवी’चा इम्पोर्ट होता. ‘कॅननॉट फाइंड मॉड्यूल’ आलं. अशा वेळी हात आपोआप जे टाइप करतात तेच त्याने केलं: एनपीएम इन्स्टॉल तारीख-नवी. नव्या प्रोजेक्टच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये टोपणनावाची ओळ नव्हती, त्यामुळे एनपीएमने ते खरं नाव समजून थेट रजिस्ट्रीत, म्हणजे एनपीएमच्या सार्वजनिक भांडारात, शोधलं. त्या नावाचं काही नव्हतं म्हणून ४०४ आलं आणि तो मला विचारायला आला.

समजा त्या नावाने कुणी अनोळखी माणसाने पॅकेज टाकून ठेवलं असतं तर? ते निमूट उतरलं असतं, आणि त्यातली इन्स्टॉलच्या वेळची स्क्रिप्ट आमच्या मशीनवर चालली असती, जिथे सोसायटीच्या डेटाबेसची किल्ली आहे. लोकांच्या रोजच्या कष्टाचे पैसे ज्या हिशेबात आहेत तिथे ही शक्यता मला चालणार नव्हती. म्हणून नियम केला: टोपणनाव नेहमी आपल्या स्वतःच्या स्कोपखाली ठेवायचं, आणि तो स्कोप रजिस्ट्रीवर आपल्या नावावर नोंदवून ठेवायचा. मग कुणी चुकून नुसतं नाव टाइप केलं तरी त्या जागी दुसऱ्या कुणाला काही टाकता येत नाही. स्कोप घेणं शक्य नसेल तर टोपणनाव ठरवण्याआधी ‘एनपीएम व्ह्यू’ करून त्या नावाचं काही आहे का ते तरी बघा.

टाइप, प्लगइन आणि नुसतं नावापुरतं साम्य असलेल्या गोष्टी

टाइपस्क्रिप्ट वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. ज्या पॅकेजांचे टाइप वेगळ्या ‘@टाइप्स’ पॅकेजमध्ये असतात, त्यांचे टाइप टोपणनावाखाली सापडत नाहीत, कारण शोध फोल्डरच्या नावाने होतो. टाइपांच्या पॅकेजलाही तसंच टोपणनाव द्या: लोडॅशला ‘लोडॅश-तीन’ म्हटलं असेल तर ‘@टाइप्स/लोडॅश-तीन’ हे टोपणनाव ‘@टाइप्स/लोडॅश’च्या तिसऱ्या मालिकेला. काही पॅकेजांच्या स्वतःच्या टाइप फाइलमध्ये ‘डिक्लेअर मॉड्यूल’ करून खरं नाव लिहिलेलं असतं. तिथे टोपणनावाने इम्पोर्ट केलं की ‘हे मॉड्यूल नाही’ अशी तक्रार येते, आणि आपली एक छोटी टाइप फाइल लिहून द्यावी लागते. आम्ही रिपोर्टमध्ये लागणाऱ्या पाचच फंक्शनांचे टाइप लिहिले, तेवढ्याने भागलं.

रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉमसारख्या जोडीला टोपणनाव देऊन दोन आवृत्त्या नांदवायच्या विचारात असाल तर थांबा. टोपणनाव दिलेलं रिॲक्ट-डॉम आतून ‘रिॲक्ट’ असंच मागतं आणि त्याला वरचं, दुसऱ्याच आवृत्तीचं रिॲक्ट मिळतं. जी पॅकेजं एकमेकांना खऱ्या नावाने ओळखतात, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. तारखा, आकडे, मजकूर यांवर काम करून उत्तर परत देणाऱ्या, कुणावर अवलंबून नसलेल्या पॅकेजांना तो उत्तम जमतो.

कमांड देणाऱ्या पॅकेजांचंही तेच. ईएसलिंटच्या दोन आवृत्त्या बसवल्या तर दोघींना ‘ईएसलिंट’ याच नावाची कमांड लावायची असते आणि जागा एकच. हवी ती आवृत्ती तिच्या फोल्डरमधल्या फाइलचा पूर्ण पत्ता देऊन नोडने चालवा.

आणि बिल्ड करणाऱ्या वेबपॅकचं ‘रिझॉल्व्ह एलियस’ किंवा टाइपस्क्रिप्टच्या टीएसकॉन्फिग फाइलमधले ‘पाथ्स’ हे वेगळं प्रकरण आहे. ते बिल्डच्या वेळी वाट वळवतात, काही इन्स्टॉल करत नाहीत. नोडने थेट चालवलेल्या फाइलला ते माहीत नसतात. ‘ब्राउझरमध्ये चालतं, सर्व्हरवर मॉड्यूल सापडत नाही’ असं असेल तर बहुधा तुम्ही हे एलियस वापरलं आहे आणि पॅकेजचं टोपणनाव शोधत बसला आहात.

दोष तुमच्या थेट पॅकेजमध्ये नसून त्याच्या पोटातल्या पॅकेजमध्ये असेल, तर टोपणनावाचा उपयोग नाही. पोटातलं पॅकेज खऱ्या नावानेच मागवलं जातं. तिथे एनपीएम ८.३ पासून ‘ओव्हरराइड्स’ आहे, यार्नमध्ये ‘रिझोल्यूशन्स’.

जुनं कधी काढायचं

टोपणनाव दिल्यावर जुनं पॅकेज निवांत बसतं, कुणाला त्रास देत नाही, आणि तसंच राहून जातं. म्हणून आम्ही टोपणनावाचे इम्पोर्ट मोजणारी एक ओळीची स्क्रिप्ट बिल्डमध्ये घातली आहे. आकडा वाढला तर बिल्ड थांबतो. कमी झाला की तो नवा आकडा त्यात लिहायचा. दर शुक्रवारी दुपारी अक्का आणि तो मुलगा मिळून एक-दोन फायली नव्या मालिकेवर आणतात: साचा बदलायचा, अक्षरांतली तारीख आधी पार्स-आयएसओने ऑब्जेक्ट करून घ्यायची, मग जुना आणि नवा रिपोर्ट मागच्या वर्षाच्या डेटावर काढून ओळीला ओळ लावून बघायची.

काही फायलींना लायब्ररीच लागणार नाही असंही लक्षात आलं. नुसती तारीख दाखवायची असेल तर जावास्क्रिप्टचं स्वतःचं इंटल, म्हणजे भाषेप्रमाणे तारखा-आकडे लिहिण्याची सोय, पुरतं. नोड तेरापासून त्यात सगळ्या भाषा सोबतच येतात. फक्त एक ध्यानात ठेवा: मराठी भारत हे लोकॅल दिलं की आकडेही देवनागरी येतात, कन्नड भारत दिलं तर रोमन आकडे येतात. पावतीवर दोन्ही भाषांत एकच आकडे हवे असतील तर लोकॅलच्या नावात अंकपद्धतही सांगावी लागते. आमच्या कॅशिअर मंडळींना रोमन आकडे हवे होते, ते तसे लावले.

साठ फायलींपैकी आता अकरा उरल्या आहेत. त्यातली वर्षअखेरीच्या व्याजाची फाइल सगळ्यात मोठी आहे, आणि तिला ३१ मार्चचा हिशेब बंद होऊन सगळ्या शाखांची बेरीज जुळल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही.